कोरे मुखपृष्ठ आणि भरलेले पान

सोन्याची पारख आपल्या घरातल्या बायकांना असते. साडीचा पोत आपण दोन बोटांत धरून ओळखतो. चित्राची पारख करायची वेळ मात्र आपल्यावर सहसा येत नाही. आता ती आली आहे. बिदर, भालकी, बसवकल्याण, आळंद, कलबुर्गीकडची आपली मुले शिकून हैदराबादला, बंगळूरला, पुण्याला नोकरीला लागली. हातात पैसा आला आणि त्यांतली काही चित्रकथांची, म्हणजे कॉमिक्सची, हाताने काढलेली चित्रे जमवू लागली. घरी पार्सल येते. किंमत ऐकून वडील गप्प होतात आणि आई म्हणते, "एवढं काय आहे बाई त्यात?" आईचा प्रश्न बरोबर आहे. त्याला नीट उत्तर द्यायला हवे, आणि ते देताना मुलांची टिंगलही नको, उगाच कौतुकही नको.

आधी दोन वस्तू वेगळ्या करून घेऊ. पहिली म्हणजे स्केच कव्हर. अमेरिकेतले प्रकाशक गेली वीसएक वर्षे काही अंकांची एक वेगळी आवृत्ती काढतात. तिच्या मुखपृष्ठावर वर फक्त अंकाचे नाव छापलेले असते आणि खाली जाड पांढरा कागद कोराच ठेवलेला असतो. असा अंक घेऊन चित्रकाराकडे जायचे, पैसे द्यायचे आणि हवे ते पात्र त्या कोऱ्या जागेवर काढून घ्यायचे. मेळ्यांत चित्रकार टेबल मांडून बसतात. आपल्या देशात कॉमिक कॉनचे मेळे २०११ पासून भरतात आणि हैदराबाद तर आपल्याला मुंबईपेक्षा जवळ. दुसरी वस्तू म्हणजे चित्रकथेचे मूळ पान. चित्रकाराने छपाईसाठी काढून दिलेले, ज्याचा फोटो घेऊन अंक छापला गेला ते.

दोन्ही हाताने काढलेली आणि दोन्ही एकुलती एक. मग फरक काय? माझा भाचा म्हणतो, "मावशी, स्केच कव्हर माझ्यासमोर काढलंय. जगात दुसरं नाही. मूळ पानाची तर हजारो छापील पानं रद्दीत पडलीत." बोलणे बिनतोड वाटते, पण ते एकदा तपासून बघू या.

पुण्यात एका संग्राहकाकडे मी काही मूळ पाने हातात घेऊन पाहिली आहेत. पान छापील पानापेक्षा बरेच मोठे असते. शाईच्या खाली पेन्सिलीच्या रेघा अर्धवट खोडलेल्या दिसतात. कुठे निळी पेन्सिल असते, कारण फिकी निळी रेघ छपाईच्या कॅमेऱ्याला दिसत नाही. कुठे चुकलेला हात पांढऱ्या रंगाने झाकून पुन्हा काढलेला. संवादांचे फुगे वेगळ्या कागदावर लिहून चिकटवलेले, आणि वर्षांनी गोंद पिवळा पडलेला. समासात बारीक अक्षरात सूचना. एका चौकटीत राणी रडते आहे आणि पुढच्या चौकटीत घोडा निघाला आहे. मधली रिकामी पट्टी ओलांडताना आपणच मनात काळ पुढे नेतो.

या पानावरची एकही रेघ चित्रकाराने स्वतःचे नाव गाजावे म्हणून काढलेली नसते. गोष्ट पुढे सरकावी म्हणून ती काढलेली असते. राणीचे डोळे किती मोठे, घोडा कोणत्या दिशेला, फुगा वर की खाली, हे सगळे वाचणाऱ्या मुलाकडे बघून ठरलेले असते.

आपल्या बिदरी कामात काय होते, आठवून बघा. जस्ताच्या भांड्यावर मोरचुदाचे पाणी फिरवून ते काळे करतात आणि त्यावर कारागीर टोकदार सळईने मोकळ्या हाताने वेल काढतो. मग ती रेघ कोरली जाते, तिच्यात चांदी ठोकली जाते, शेवटी किल्ल्यातली माती आणि नवसागर लावून भांडे कायमचे काळे होते. ती पहिली रेघ कोणाला दिसत नाही, पण सगळे काम तिच्यावर उभे असते. चित्रकथेच्या मूळ पानावर तशी पहिली रेघ अजून दिसते. त्या पानाचे मोल मला तिथे वाटते. एक माणूस विचार करत असतानाचा कागद तो.

स्केच कव्हरवर काय असते? बहुतेक वेळा एक पात्र, छातीपर्यंत किंवा उभे, रुबाबात. मागे काही नाही, पुढे काही नाही. चित्रकाराचा हात तयार असेल तर अर्ध्या तासात फार सुंदर काम होते, ते मी नाकारत नाही. पण त्या चित्राला कुठे जायचे नाही. ते मेंदीसारखे आहे. एका हातासाठी, एका दिवसाच्या आनंदासाठी, सांगून काढून घेतलेले. मेंदीला मी कमी लेखत नाही. मेंदीचे दागिन्यासारखे मोल करू नये, एवढेच म्हणते.

इथे कोणी म्हणेल, म्हणजे मुखपृष्ठ हलके आणि आतले पान भारी. तसेही नाही. आपल्याच वाचनाचा इतिहास याच्या उलट साक्ष देतो.

इंद्रजाल कॉमिक्स १९६४ मध्ये निघाले आणि १९९० पर्यंत चालले. मराठीतही निघत होते. आत वेताळ आणि मँड्रेक असायचे. ली फॉकच्या त्या गोष्टी आणि ती चित्रे अमेरिकेतून तयार येत. मुखपृष्ठे मात्र इथे रंगवली जात आणि सुरुवातीच्या काळातली कितीतरी बी. गोविंद यांच्या हातची. म्हणजे त्या अंकात आपल्या मातीतला हात कुठे होता तर मुखपृष्ठावर. याच गोविंदांनी पुढे १९७६ पासून आबिद सुरतींच्या 'बहादूर'ची चित्रे काढली, तेव्हा कुठे आतली पानेही आपली झाली. त्या अंकांचे एखादे मूळ मुखपृष्ठ कोणाकडे असेल तर ते कुठल्याही आतल्या पानाच्या तोडीचे आहे.

दिवाळी अंकांचे तर विचारूच नका. दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये 'दीपावली' सुरू केला. रघुवीर मुळगावकरांच्या देवदेवता घरोघरी भिंतींवर गेल्या. आणि आपल्या सीमाभागाचे शि. द. फडणीस. बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावी १९२५ मध्ये जन्मलेले. 'मोहिनी'च्या दिवाळी अंकासाठी त्यांनी एक मुखपृष्ठ काढले. तरुणीच्या साडीवर उंदरांचे छाप आणि तरुणाच्या शर्टावर मांजरांचे. एक शब्द नाही. तरी गोष्ट सुरू होते, वाढते आणि संपते, बघणाऱ्याच्या ओठांवर हसू आणून. आता याला आतल्या पानापेक्षा उणे कसे म्हणायचे?

म्हणजे वाद मुखपृष्ठ विरुद्ध पान असा नाही. चित्र कोणासाठी काढले, हा खरा प्रश्न आहे. फडणीसांचे ते मुखपृष्ठ घराघरांतल्या वाचकांसाठी होते. स्केच कव्हर घेणाऱ्या एका माणसासाठी असते.

आपल्या भागाला ही गोष्ट लवकर कळायला हवी, कारण आपण दोन भाषांच्या उंबऱ्यावर वाढलो. 'चंदामामा' १९४७ मध्ये तेलुगू आणि तमिळमधून निघाला, १९४९ मध्ये कन्नडमध्ये आला आणि १९५२ मध्ये मराठीत 'चांदोबा' होऊन आला. चित्रे तीच. आमच्या गल्लीत एका घरी कन्नड अंक यायचा, दुसऱ्या घरी मराठी. ज्या मुलीला कन्नड वाचता येत नव्हते ती चित्रावर बोट ठेवून शेजारणीला गोष्ट सांगायची आणि ती जुळायची. तलवार हातात घेऊन, खांद्यावर प्रेत टाकून निघालेला विक्रम शंकर यांनी काढला. तमिळ मुलुखातला तो चित्रकार आमच्या दोन्ही घरांत सारखाच ओळखीचा होता. एम. टी. व्ही. आचार्य यांनी महाभारताच्या प्रसंगांची मुखपृष्ठे रंगवली, तीही तशीच. लिपी बदलली तरी चित्र बदलले नाही. अशा चित्राचा मूळ कागद ज्याच्या हाती येतो, त्याच्या हाती अनेकांच्या बालपणाची नाळ येते. भाच्याला मी हेच सांगते. छापील प्रती रद्दीत गेल्या म्हणून मूळ पानाची किंमत उतरत नाही. त्या घरोघरी वाचल्या गेल्या, म्हणूनच ते पान मोलाचे झाले.

आता मूळ पानवाल्यांचीही झडती घेऊ. त्यांचेही हात स्वच्छ नाहीत.

जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत १९८४ मधल्या एका अंकातले स्पायडरमॅनचे एकच मूळ पान ३३ लाख ६० हजार डॉलरला विकले गेले. माइक झेक या चित्रकाराचे ते पान. एक पान! त्या अंकाची बाकीची पाने त्याच्यासोबत नव्हती. त्याआधी जॅक कर्बीसारख्या थोर चित्रकाराला स्वतःच काढलेली पाने परत मिळवण्यासाठी १९८० च्या दशकात प्रकाशकाशी झगडावे लागले होते. तेव्हा 'मूळ कला' म्हणून मिरवताना ती चित्रकाराच्या हातून कशी सुटली, हेही विचारावे लागते. पैसा पानाभोवती फिरतो आणि पान काढणारा बाजूला राहतो.

या बाबतीत स्केच कव्हर उजवे आहे, आणि हे मोकळेपणाने कबूल करायला हवे. तिथे पैसे थेट चित्रकाराच्या हातात पडतात. अमेरिकेत हीरो इनिशिएटिव्ह नावाची संस्था अडचणीतल्या जुन्या चित्रकारांना मदत करते. तिने २००७ च्या सुमारास स्पायडरमॅनच्या शंभराव्या अंकाची कोरी मुखपृष्ठे शंभरएक चित्रकारांकडून भरून घेतली आणि विकून निधी उभा केला. आपल्या मेळ्यातही एखादी नवखी मुलगी टेबलामागे बसते, जिचे पुस्तक अजून छापलेले नाही. तिला पहिली कमाई याच कोऱ्या कागदाने मिळते. तिच्याकडून जरूर चित्र घ्या. मीसुद्धा घेईन.

माझी तक्रार पुढच्या पायरीची आहे. चित्र काढून झाले की तो अंक पारखणाऱ्या कंपनीकडे जातो. सीजीसी ही त्यातली सर्वांत नावाजलेली, २००० मध्ये सुरू झालेली. ती अंकाला दहापैकी गुण देते आणि कडक प्लॅस्टिकच्या पेटीत कायमचा बंद करते. आत बत्तीसएक पानांची गोष्ट आहे. कोणीतरी लिहिली, कोणीतरी काढली, कोणीतरी रंगवली. ती आता उघडायची नाही. उघडली की गुण गेले. वाचकाला आत न्यायचे हे मुखपृष्ठाचे काम, आणि इथे त्यानेच दार बंद केले. पुस्तकाचा असा उपयोग माझ्या मनाला पटत नाही.

पटत नाही, कारण पुस्तक आणि त्याचे चित्रित आवरण यांचे नाते आपण जैनांनी फार जुन्या काळापासून जपले आहे. ताडपत्राच्या पोथीला वर-खाली लाकडी पट्ट्या लावायचे. गुजरात-राजस्थानकडे त्यांना पाटली म्हणतात. बाराव्या शतकातल्या काही पाटल्या जेसलमेरच्या भांडारांतून उजेडात आल्या. हाताने रंगवलेली मुखपृष्ठेच ती. एका पाटलीवर तर अख्खा वादविवाद रंगवला आहे. पाटणच्या सिद्धराज जयसिंहाच्या दरबारात ११२५ च्या सुमारास श्वेतांबर आचार्य देवसूरी आणि कर्नाटकातून गेलेले दिगंबर आचार्य कुमुदचंद्र यांचा वाद झाला, तो. वादाचा विषय होता स्त्रीला मोक्ष मिळतो की नाही. पाटली रंगवणारे श्वेतांबर, त्यामुळे तिच्यावर कोण जिंकले हे सांगायला नको. पण मैत्रिणींनो, आपल्याबद्दलचा एवढा मोठा वाद एका पुस्तकाच्या आवरणावर प्रसंगामागून प्रसंग असा रंगवला गेला, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे? ती पाटली ज्या कामासाठी होती ते काम साधे होते: पोथी वाकू नये, पाने सुटू नयेत आणि वाचणाऱ्याने दोरी सोडून आत जावे.

आतल्या पानांचेही उदाहरण आपल्या दाराशी आहे. सेडम तालुक्यात कागिणा नदीकाठचे मळखेड म्हणजे राष्ट्रकूटांचे मान्यखेट. तिथे पुष्पदंतांनी ९६५ मध्ये अपभ्रंश भाषेतले महापुराण पुरे केले. पुढे १५४० मध्ये दिल्लीजवळच्या पालम गावी त्यातल्या आदिपुराणाची पोथी लिहिली गेली, आणि तिच्यात पानोपानी चित्रे आहेत. मजकुराशेजारी चित्र, पुढच्या पानावर पुढचा प्रसंग. मळखेडची गोष्ट तिथे चित्रकथा होऊन बसली. ती पोथी जयपूरच्या दिगंबर मंदिराने सांभाळली. तिचे महत्त्व एखाद्या देखण्या पानात नाही. पाने एकामागून एक लागलेली आहेत, त्यात आहे.

कल्पसूत्राच्या पोथ्यांचे दैव मात्र सारखे नव्हते. अहमदाबादच्या देवसानो पाडो भांडारातली १४७५ च्या सुमाराची पोथी तिच्या समासातल्या नाजूक चित्रांसाठी जगप्रसिद्ध आहे, आणि तिची काही पाने आज वेगवेगळ्या संग्रहांत विखुरलेली आहेत. काचेमागे एकेक पान सुंदर दिसते. त्याच्या आधी काय घडले आणि नंतर काय, हे काच सांगत नाही. मूळ पाने सुटी करून विकणाऱ्या बाजाराचे हे जुने रूप. म्हणून म्हणते, बंद पेटीतले स्केच कव्हर आणि पोथीतून सुटलेले पान, दोन्हींचे दुखणे एकच आहे. दोन्हींत गोष्ट हरवते.

मग जमवावे तरी काय? की काहीच जमवू नये? अपरिग्रहाचे नाव घेऊन मुलांना गप्प करणे सोपे आहे, पण श्रावकाला सांगितलेले व्रत परिग्रहाच्या परिमाणाचे आहे. किती ठेवायचे ते आधी ठरवा, असे ते सांगते. संग्राहकाला याहून चांगला सल्ला मला माहीत नाही. ज्याने दहाच चित्रे ठेवायचे ठरवले तो अकरावे घेताना पहिली दहा पुन्हा नीट बघतो. नजर अशीच तयार होते. ज्याच्या कपाटात तीनशे बंद पेट्या आहेत त्याला चित्रे कुठे दिसतात, त्याला गुणांचे आकडे दिसतात.

घेताना काय बघावे, तेही सांगते. चित्र गोष्ट सांगते का, ते पहिले. फडणीसांसारखी एका चौकटीतही सांगता येते, म्हणून स्केच कव्हर घ्यायचेच तर चित्रकाराला "नुसतं उभं पात्र नको, एखादा प्रसंग काढा" असे म्हणावे. चांगला चित्रकार खूश होतो. मूळ पान घेताना जमल्यास सलग दोन-चार पाने घ्यावीत आणि ज्या अंकात ती छापली तो अंक शेजारी ठेवावा. कोणी काढले, कोणी लिहिले, कोणत्या वर्षी, याची चिठ्ठी वेगळी ठेवावी, चित्राच्या पाठीवर शाईने लिहू नये. लॅमिनेशन अजिबात नको. उन्हाची भिंत नको. आणि घरात पाहुणी आली, तिची मुलगी आली, तर काढून दाखवावे. दाखवायचे नसेल तर घेतले कशाला?

पॅरिसमध्ये २०२१ मध्ये टिनटिनचे एक चित्र सुमारे ३२ लाख युरोला गेले. हर्जेने १९३६ मध्ये 'ब्लू लोटस'च्या मुखपृष्ठासाठी काढलेले. रंग जास्त, छपाई महाग पडेल, म्हणून ते नाकारले गेले आणि छापलेच नाही. त्यावर घड्यांच्या खुणा आहेत. न छापलेले, घडी पडलेले, तरी मोलाचे. कारण ते एका गोष्टीत जाण्यासाठी निघाले होते आणि त्याच्या प्रत्येक रंगात ती गोष्ट आहे. स्केच कव्हरलाही ही वाट बंद नाही. काढणाऱ्याने आणि काढून घेणाऱ्याने मनावर घेतले पाहिजे.

हे सगळे आज लिहायला आणखी एक कारण आहे. आमच्याकडच्या एका बस्तीत जुन्या सचित्र पोथीची चार पाने सुटी करून, फ्रेम लावून सभागृहात टांगावी, अशी सूचना पुढे आली आहे. हेतू चांगला आहे, नव्या पिढीला दिसावे हा. श्रुतपंचमीला आपण पोथ्यांची वेष्टने सोडतो, पाने मोकळी करतो, ओळीने लावून पुन्हा बांधतो. ते काम बहुतेक ठिकाणी बायकाच करतात. म्हणून या बाबतीत बोलायचा पहिला हक्कही आपला. पानांचे चांगले फोटो काढा, मोठे करून सभागृहात लावा, खाली मराठीत आणि कन्नडमध्ये गोष्ट लिहा. मुले थांबून वाचतील. मूळ पाने मात्र पोथीतच, आपापल्या क्रमाने राहू द्या.